किशोरराव सध्या व्यस्त आहेत

नाचणगावात फोन बिघडला की लोक तो पुलगावला दुकानात नेतात, आणि चांगला चालत असला की किशोरपासून लपवून ठेवतात. किशोरच्या मते ही अडाणी माणसांची जळजळ आहे. त्यानं आजवर गावातले फक्त चार फोन निकामी केले, आणि त्यातला एक आधीपासूनच आजारी होता.

किशोर अडतीस वर्षांचा. बाप नत्थू, माय यशोदाबाई, बायको दिपाली आणि विहिरीचं दोन एकर भाजीपाल्याचं वावर, एवढा त्याचा पसारा. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर; पण कोथिंबीर हा शब्द नाचणगावात फक्त टीव्हीवर स्वयंपाक करणाऱ्या बायांकडून ऐकू येतो. भाजी उपटणं, जुड्या बांधणं, पुलगावच्या बाजारात नेऊन बसणं हे सगळं घरचे तिघं करत. किशोर हा त्या घराचा तांत्रिक विभाग होता.

फोनच्या कंपन्यांची एक रीत आहे. फोनची नवी यंत्रणा सगळ्यांना देण्याआधी ती कच्ची असतानाच काही हौशी लोकांना वापरायला देतात. तिला बीटा म्हणतात. हौशी लोकांनी ती वापरायची, काय काय बंद पडतं ते शोधायचं आणि कंपनीला लेखी कळवायचं. पगार नाही, चहा नाही, आणि फोन आपला. असंच काम कोणी वावरात सांगितलं असतं तर किशोरनं आधी मजुरी ठरवली असती आणि मग पाठ दुखते म्हणून सांगितलं असतं. इथं मात्र तो तीन वर्षं बिनपगारी राबत होता आणि वर मान ताठ.

पक्की यंत्रणा वापरणाऱ्यांना तो 'स्टेबलवाले' म्हणे. आपण जसं 'अजून दात न आलेले' म्हणू, त्या आवाजात. स्वतःच्या बायकोलाही तो दोन वर्षं स्टेबलवाली म्हणत होता. तिचा फोन लागायचा, वाजायचा, बंद व्हायचा नाही, याला काय जगणं म्हणायचं.

त्याचे खरे गणगोत होते 'बीटा बहाद्दर, वर्धा' या ग्रुपवर. एक्केचाळीस माणसं. देवाचे फोटो नाहीत, शुभ सकाळ नाही, लग्नपत्रिका टाकली तर ताबडतोब बाहेर. ग्रुपचा मालक आष्टीचा योगेंद्र. त्याचं रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं आणि समोर गिऱ्हाईक पँटीत एक पाय घालून उभं असलं तरी तो आधी ग्रुपवर उत्तर द्यायचा. त्याला सगळं आठ दिवस आधी माहीत असे. "मी ऑफिशियली काही बोलू शकत नाही," असं तो लिही, जणू कंपनीच्या मोठ्या साहेबानं आष्टीला येऊन त्याच्याकडून बनियनच्या बॉक्सवर हात ठेवून शपथ घेतली होती.

ग्रुपवरची चर्चा अशी चाले:

"आला का?"

"कोणाले आला?"

"आर्वीच्या एकाले आला म्हणते."

"त्याले कसा आला? त्याचा फोन तं मागच्या वर्षीचा हाय."

"साइज किती?"

"दोन पॉइंट चार जीबी. टाकला बी."

"कसा हाय?"

"स्मूथ."

स्मूथ हा त्यांचा नमस्कार, आशीर्वाद आणि वैद्यकीय अहवाल, तिन्ही. फोन इतका तापलेला असायचा की वरच्या खिशात ठेवला तर छाती शेकून निघावी, कॅमेरा उघडला की काळा पडदा, गजर सकाळी पाचच्या ऐवजी दुपारी पाचला, पण स्मूथ. आणि बॅटरी? बॅटरीबद्दल कोणी विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "दोन दिवस सेटल होऊ दे." नवी सून सासरी रुळेपर्यंत तिच्याबद्दल बोलू नये, तशी ही भाषा. किशोरची बॅटरी तीन वर्षांत एकदाही सेटल झाली नव्हती. ती दर नव्या बीटाबरोबर नव्यानं सासरी येत होती.

"अजी, हा फोन लावता तरी येते का याच्यावरून?" दिपाली विचारायची.

"फोन लावाले फोन असते काय?" किशोर म्हणे. त्याचं हे वाक्य ग्रुपवर फार गाजलं होतं.

आता घरातली खरी गोष्ट. नत्थूचं वय सत्तर. चाळीस वर्षं तो विहिरीवर चालत जाऊन मोटर चालू करत होता. मोटरच्या खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असे, अंघोळीलाही ती उतरत नसे. दोन वर्षांपूर्वी किशोरनं हट्ट करून त्या खोलीत मोबाइलचा स्टार्टर बसवला. एक पेटी, तिच्यात सिमकार्ड. पेटीला फोन लावला की आतली बाई हिंदीत बोलते. एक दाबलं की मोटर चालू, तीन दाबलं की बंद. वावरात लाइन, म्हणजे वीज, आली तर ती बाई स्वतः फोन करून कळवते. ऑटोवर ठेवली तर लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप चालू होते आणि मग बाई विचारत राहते, बंद करू का. मात्र त्या पेटीला मालक एकच. ज्याचा नंबर तिच्यात टाकला, त्याचंच ती ऐकते. तो नंबर किशोरचा होता.

म्हणजे सातबारा नत्थूच्या नावावर, पण पाणी किशोरच्या नावावर. हे वाक्यही किशोरचंच. तो पारावर बसून गप्पा मारता मारता फोन काढी, आकडा दाबी आणि सहज म्हणे, "वावरात पाणी सोडलं." ऐकणारा आकाशाकडे बघे. एवढ्या एका बटणावर किशोरचं घरातलं वजन उभं होतं; बाकी वजन जेवणातून आलेलं होतं.

उन्हाळ्यात ते वजन एकदा हललं. बीटा दोनमध्ये फोनच्या पडद्याला बोटच कळेनासं झालं. नत्थू किल्लीसकट परगावी होता; किशोर दोन दिवस आकडे दाबत राहिला, पडदा जागचा हलेना, आणि मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या. नत्थूनं आवाज चढवला नाही. विडी विझवून तो म्हणाला, "आता अजून एकडाव असं झालं न किशोर, तं त्या पेटीतला नंबर बदलवून टाकतो. तुह्या मायच्या फोनवर देतो."

यशोदाबाईचा फोन बटणांचा. मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. बॅटरी आठ दिवस चाले, कारण तिला सेटल होण्याबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं. किशोर त्याला डबडं म्हणे. पाण्याची मालकी त्या डबड्याकडे जाणार, ही कल्पनाच त्याला अपमानाची वाटली होती. मग रोपं परत उभी राहिली, बाप गप्प झाला, आणि किशोरनं बीटा तीनसाठी नाव नोंदवलं.

बीटा तीन डिसेंबरात आला, आकांक्षाच्या साक्षगंधाच्या दोन दिवस आधी. आकांक्षा ही दिपालीची मामेबहीण, नालवाडीची. साक्षगंध म्हणजे साखरपुडा, पण जेवण लग्नाइतकंच असतं. बीटा तीनमध्ये मोठी नवलाई होती ती म्हणजे कॉल सहायक. कोणाचा फोन आला की तुमच्याऐवजी फोनच बोलणार, तेही मराठीत. कोण, कशासाठी, विचारणार, फालतू असला तर वाटेला लावणार, आणि झालेलं सगळं बोलणं अक्षर अन् अक्षर लिहून ठेवणार. त्याच्या तीन पायऱ्या: सौम्य, मध्यम, कडक.

ग्रुपवर योगेंद्रनं लिहिलं, "सौम्य हे पब्लिकसाठी आहे."

किशोरनं कडक निवडलं. पडद्यावर सहा ओळींची सूचना आली की या पायरीवर यंत्राच्या आवाजातले सर्व कॉल, नंबर ओळखीचा असला तरी, अडवले जातील. सूचनेखाली बटण होतं, 'समजले'. बीटावाला सूचना वाचत नाही. बीटावाला समजले दाबतो.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी नत्थू पायजमा घालून तयार बसला होता आणि कटकट करत होता. सांबाराचे सहा वाफे उपटायला आले होते. दुसऱ्या दिवशीचा बाजार. उपटायच्या आदल्या दिवशी वाफ्याला हलकं पाणी दिलं की सांबार मुळासकट अलगद येते, नाही तर तुटते. लाइन दहाला येणार होती आणि नालवाडीला नेणारी ऑटोरिक्षा नऊला.

"मी थांबतो घरी," नत्थू म्हणाला. "पाणी देतो अन् मंग येतो बसनं."

"काहाले? बाबा, पाइप वाफ्यात टाकून ठेवा. पेटी ऑटोवर करतो. लाइन आली का मोटर चालू, बाई मले फोन करते, अर्ध्या घंट्यानं मी तीन दाबतो. नालवाडीतून. जेवता जेवता."

"अन् नाई दाबलं तं?"

"बाबा, हे उन्हाळ्यातलं नाई राह्यलं आता. बीटा तीन हाय."

नत्थूनं यशोदाबाईकडे पाहिलं. यशोदाबाईनं पिशवीत डबडं टाकलं. काळी जमीन आणि उभं पीक बीटा तीनच्या भरवशावर सोडून घरचे चौघं नालवाडीला गेले.

सभागृहात किशोरनं आपला कोपरा पकडला. जावई म्हणून खुर्ची होतीच. श्रोते त्यानं गोळा केले. नवरदेवाचे मामा प्रभाकरराव शेजारीच बसले होते. निवृत्त मास्तर, पांढरा सदरा, फोन वहीसारख्या उघडणाऱ्या कव्हरात.

"मामाजी, तुमी कोणत्या व्हर्जनवर हाय?"

"मले नाई मालूम, बापू. इकत घेतला तसाच हाय."

किशोरनं डोळे मिटले. जन्मल्यापासून अंघोळ केली नाही असं कोणी सांगितलं असतं तर त्यानं असेच मिटले असते.

"चालतो न पण," प्रभाकरराव म्हणाले.

"चालणं वेगळं, मामाजी. अनुभव वेगळा." मग किशोरनं अनुभव सांगायला घेतला. आधी लोक कसे अंधारात होते, मग बीटा एक कसा आला, दोननं काय दिलं, तीननं काय दिलं. समोरच्या मुलांपैकी एक जण आधी हसला, मग पाणी आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. सव्वाअकराला किशोरनं फोन काढून दाखवला. "हे पाहा. सकाळपासून माह्या फोनची रिंग वाजली का? नाई वाजली. पाच फालतू कॉल आले, सहायकानं परस्पर काढून देल्ले. मले पत्ता बी नाई."

"वा," प्रभाकरराव म्हणाले.

अंगठ्या घालताना आकडा दहा झाला होता. किशोरनं फोटो काढायच्या निमित्तानं तो चौघांना दाखवला. वरण-भात वाढला तेव्हा चौदा. "किती तरास देतात हे लोनवाले," तो म्हणाला, पण स्वर असा, की आमच्याकडे फार मागणी आहे हो. त्यानं आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकला. योगेंद्रनं लिहिलं, "भाऊ, तुमचा सहायक तर आग आहे." हिंगणघाटच्या एकानं लिहिलं, "माझ्याकडे फक्त दोनच अडवले. काही सेटिंग आहे का?" किशोरनं त्याला दयाळूपणे समजावलं, की वापरणाऱ्यावर असते.

पेटीचा फोन कसा आला नाही, हे त्याच्या मनात एकदा येऊन गेलं. पण त्याचं उत्तर त्याच्याकडे लगेच होतं: लाइनच आली नसेल. वीज मंडळावर त्याचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. सगळा विश्वास आधीच दुसरीकडे गुंतला होता.

दोन वाजता आकडा सतरा झाला.

"सतरा," प्रभाकरराव म्हणाले. मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला. "कोणाकोणाचे होते हो बापू एवढे?"

"फालतू असतात, मामाजी. लोन, इमा, पलाट."

"लिहून ठेवते म्हणत होते न तुमी? पाहू द्या बरं. आपल्याले बी अनुभव येऊ द्या."

या क्षणाची किशोर सकाळपासून वाट बघत होता. त्यानं सहायकानं लिहिलेली नोंद उघडली आणि फोन मास्तरांच्या हातात दिला. प्रभाकररावांनी तो हातभर लांब धरला आणि हजेरी घ्यायच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. चाळीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज तो. पंगतीच्या शेवटापर्यंत सहज पोचला.

"कॉल पहिला. दहा वाजून चार मिनिटं. सहायक म्हणते, नमस्कार, मी किशोररावांच्या वतीने बोलत आहे, कृपया आपले नाव व कामाचे स्वरूप सांगा. समोरून, बिजली आ गई है, मोटर चालू है, मोटर बंद करने के लिए तीन दबाइए."

पलीकडच्या पंगतीत नत्थूचा घास ताटाच्या वर थांबला.

"सहायक म्हणते, आपले काम तातडीचे आहे का? समोरून, मोटर चालू है, बंद करने के लिए तीन दबाइए. सहायक म्हणते, आपण तातडीचे नसल्याचे सांगितले. किशोरराव सध्या व्यस्त आहेत. आपला दिवस चांगला जावो."

"द्या इकडं, मामाजी," किशोर म्हणाला.

मास्तर वाचायला लागले की थांबत नसतात. "कॉल दुसरा. दहा एकोणीस. मोटर चालू है. किशोरराव सध्या व्यस्त आहेत. कॉल तिसरा. दहा चौतीस. मोटर चालू है. किशोरराव सध्या व्यस्त आहेत. मधले तसेच दिसतात. कॉल अकरावा. सहायक म्हणते, आपण याआधी दहा वेळा फोन केला आहे, किशोरराव आपल्याशी बोलू इच्छित नाहीत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ही बाई कोण म्हणायची, बापू? तुमच्या लई मागं लागली दिसते."

बायकांच्या पंगतीत कोणीतरी फिसकन हसलं. नत्थू उठला होता. हात खरकटाच.

"कवापासून चालू हाय मोटर?"

"बाबा, पाहून राह्यलो न."

"चार घंटे झाले बे. चार घंटे."

किशोरनं पेटीला फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. पेटी व्यस्त कशी, हे त्याला कळेना, तेव्हा प्रभाकररावांनीच बोट दाखवलं. अठरावा कॉल चालूच होता. पडद्यावर ओळी उमटत होत्या. सतरा कॉल झाल्यावर सहायकाची खात्री पटली होती की समोर पक्का भामटा आहे, आणि कडक पायरीवर भामट्याला बोलण्यात गुंतवून त्याचा वेळ खाण्याचीही सोय होती. सहायक पेटीला विचारत होता की आपण कोणत्या गावच्या. पेटी म्हणत होती, तीन दबाइए. सहायक म्हणत होता, छान, तिकडे हवामान कसे आहे. पेटी म्हणत होती, मोटर चालू है.

"काटून टाक न मंग तो फोन," नत्थू म्हणाला.

कॉल काटायचं बटण नव्हतं. बटण पुढच्या बीटात येणार होतं. हे किशोरला ग्रुपवर विचारल्यावर कळलं. कारण बाप समोर उभा असताना, वाफे बुडत असताना, किशोरनं पहिलं काम केलं ते ग्रुपवर लिहिण्याचं. 'अर्जंट. सहायक कॉल सोडत नाही. काय करू?'

उत्तरं पटापट आली.

"माझ्याकडे तर स्मूथ आहे."

"क्लीन इन्स्टॉल केलं होतं का वरूनच टाकलं?"

"लॉग पाठवा."

"हा बग नाही, फीचर आहे."

"फीचर कसं? बगच आहे."

"बग असता तर अर्धवट चाललं असतं. हे पूर्ण चालून राह्यलं."

"माझी बॅटरी सेटल झाली, कोणाची झाली का?"

त्यावर बॅटरीची चर्चा सुरू झाली. सात निरोपांनंतर योगेंद्र आला. "ऑफिशियली बोलू शकत नाही, पण रिस्टार्ट मारा."

किशोरनं रिस्टार्ट मारलं. पडदा काळा झाला, मग कंपनीचं चिन्ह आलं, मग एक गोल फिरायला लागला आणि खाली ओळ आली: 'आपला फोन अधिक चांगला होत आहे. दोनशे चौदापैकी एक.' थोड्या वेळानं, दोनशे चौदापैकी दोन. घरची तीन, नवरदेवाकडची सहा आणि आचाऱ्याकडचा एक, अशी दहा माणसं त्या गोलाकडे बघत उभी राहिली. नवरदेव-नवरीकडे कोणी बघत नव्हतं.

यशोदाबाई मठ्ठा पिऊन आली. गर्दीतून तिनं मुलाच्या हातातला गोल एकदा पाहिला, पिशवीतून डबडं काढलं, रबरबँड नीट केला आणि नंबर लावला. शेजारच्या वावरातले लक्ष्मणराव पहिल्या रिंगला बोलले.

"लक्ष्मणराव भाऊजी, मी यशोदा. आमची मोटर चालू राह्यली. खांबावरचा खटका पाडून द्या."

"हाव. पाडतो. म्या मनाशी म्हटलं, आज नत्थूभाऊ धान लावून राह्यले का काय."

"किती पाणी हाय?"

लक्ष्मणराव चालत असल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "वहिनी, बगळे आले."

खटका पडला तेव्हा किशोरचा फोन दोनशे चौदापैकी नऊवर होता.

परतीच्या ऑटोत नत्थू पुढं ड्रायव्हरजवळ बसला आणि सगळ्या वाटेत मागं वळला नाही. मागं दिपालीला राहवेना. "अजी, कृपया आपले नाव व कामाचे स्वरूप सांगा," ती बारीक, शुद्ध आवाजात म्हणे, आणि मग भसाड्या आवाजात स्वतःच उत्तर देई, "मोटर चालू है." देवळीला यशोदाबाईनं तिला दामटलं. देवळीच्या पुढं यशोदाबाई म्हणाली, "कसं म्हणे व ते? परत म्हण बरं."

वावरात सहापैकी चार वाफे दिसत नव्हते. पाणी होतं, त्यात सांबाराचे शेंडे होते आणि शेंड्यांवर चिखल. काळी माती चार-चार दिवस पाणी सोडत नाही. तोवर मुळं सडतात. नत्थूनं पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला, आत जाऊन एक झाड उपटलं. ते अलगद आलं. त्यानं ते किशोरसमोर धरलं.

"अलगद येते," तो म्हणाला. "पाणी बरोबर देल्लं."

किशोरनं याचं उत्तर ऑटोत तयार करून ठेवलं होतं. त्यात तीन मुद्दे होते, आणि तिन्हींत कंपनी होती. ते त्यानं कंपनीला लिहायला राखून ठेवलं.

पेटीतला मालक बदलायचा तर जुन्या मालकाच्याच फोनवरून निरोप जावा लागतो. नत्थूनं मोटरच्या खोलीत जाऊन पेटीचं ऑटो बंद केलं आणि तो बांधावर येऊन बसला. किशोरचा फोन एव्हाना दोनशे चौदापैकी दोनशे चौदा होऊन अधिक चांगला झाला होता. पेटीला वीज मिळावी म्हणून लक्ष्मणरावांनी खटका वर केला.

"तुह्याच हातानं टाक," नत्थू म्हणाला.

किशोरनं मायचा नंबर टाकला. मिनिटभरानं डबडं वाजलं. यशोदाबाईनं पदरानं हात पुसून ते कानाला लावलं. आतल्या बाईनं तिला हिंदीत कळवलं की अब मालिक आप हैं. "हाव, हाव," यशोदाबाई म्हणाली, आणि सवयीनं विचारलं, "जेवली का?"

संध्याकाळी घरचे दोन वाफ्यांतलं वाचलेलं सांबार धुवून जुड्या बांधत होते, तेव्हा किशोर बाजेवर बसून लिहीत होता. त्यानं अठरा कॉलचं सगळं बोलणं, वेळांसकट, ग्रुपवर टाकलं आणि कंपनीला कळवलं. ग्रुपवर असं कौतुक आजवर कोणाचं झालं नव्हतं. "भाऊ, काय टेस्टिंग केलं." "अशी केस आपल्या अख्ख्या ग्रुपात कोणाले सापडली नाही." हिंगणघाटच्यानं विचारलं, मुद्दाम केलं का. किशोरनं बराच वेळ विचार करून लिहिलं, "हो. थोडी रिस्क घेतली." योगेंद्रनं त्याला त्या दिवसापासून ग्रुपचा उपमालक केलं. एक मालकी गेली, एक आली, असं किशोरनं मनाशी धरलं. आलेल्या मालकीत पाणी नव्हतं, एवढंच.

आठ दिवसांनी बीटा चार आला. त्यात कॉल काटायचं बटण होतं. किशोरनं तो टाकला आणि स्मूथ असल्याचं कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वांग्यात उभा होता. लाइन आली होती; मोटरच्या खोलीवरचा लाल दिवा लागलेला त्याला दिसत होता. खोली दहा पावलांवर. तिला कुलूप, किल्ली नत्थूच्या करगोट्याला, आणि नत्थू बाजारात. किशोरनं फोन काढला. घरी ओसरीवर यशोदाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती, शेजारी दिपाली.

"माय, लाइन आली. वांग्याले पाणी लाव."

पलीकडून आधी दिपालीचं दाबलेलं हसू आलं. मग जन्मात कधी कोणाला कृपया न म्हटलेली यशोदाबाई, एकेक शब्द चुलीवर भाकर ठेवावी तसा जपून ठेवत म्हणाली, "नमस्कार. कृपया आपले नाव व कामाचे स्वरूप सांगा."

"माय, मी किशोर. मोटर लाव न."

"तातडीचं हाय काय?"

किशोरनं खोलीकडे पाहिलं, वांग्यांकडे पाहिलं. बांधापलीकडे लक्ष्मणराव निंदण सोडून खुरप्यावर हात ठेवून ऐकत होते.

"हाव," तो म्हणाला. "तातडीचं हाय."

"मंग थांबजो," यशोदाबाई म्हणाली. "एवढी मेथी बांधून होऊ दे."